काम झालं ते कळतं, फरक पडला का ते कोण सांगणार? (नागपूर)

मानेवाडा_रोड:

नमस्कार मंडळी,

स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागला की दरवर्षी ग्रुपवर भांडणं होतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. २०२२ मध्ये नागपूर २७वं होतं, २०२३ मध्ये ८६वं. लगेच ‘शहराची पार वाट लागली’ असे मेसेज फिरले. पण २०२२ ची यादी दहा लाखांवर लोकसंख्येच्या ४५ शहरांची होती. २०२३ मध्ये एक लाखाच्या वरची सगळी शहरं एकाच यादीत घातली, ती ४४६ झाली. ४५ पैकी २७वं म्हणजे निम्म्याच्याही खाली, ४४६ पैकी ८६वं म्हणजे वरच्या पाचव्या हिश्शात. यावरून शहर सुधारलं असंही म्हणता येत नाही, कारण आपण ज्यांच्याशी तुलना करतोय ती शहरंच बदलली. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डाशेजारी राहणाऱ्या माणसाला वास कमी येतोय की जास्त, हे या दोन्ही आकड्यांतून कळत नाही. आणि मला तेच कळायला हवंय.

दुसरं उदाहरण. पावसाळ्याआधी नाग, पिवळी आणि पोहरा नदीची सफाई होते. किती किलोमीटर पात्र साफ झालं, किती पोकलेन लावले, किती गाळ निघाला, हे पेपरात येतं. काम होतं यात शंका नाही, पोकलेन आपण डोळ्यांनी पाहतो. पण गेल्या पावसाळ्यात कोणत्या चौकात किती तास पाणी साचलं आणि सफाईनंतर तेवढ्याच पावसात त्याच चौकात काय झालं, हे त्या बातमीत नसतं. गाळ काढणं हा खर्च झाला. पाणी न साचणं हे फळ. आपल्याला खर्चाचा हिशेब मिळतो, फळाचा मिळत नाही.

हे मोजायची पद्धत कुणी ठरवूनच दिलेली नाही, असंही नाही. केंद्राने २००८ मध्ये शहरी सेवांसाठी मानकं काढली. पाणी, सांडपाणी, घनकचरा आणि पावसाळी नाल्या मिळून २८ निर्देशांक आहेत त्यात. माणशी रोज १३५ लिटर पाणी, पुरवठा २४ तास, हिशेबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांच्या आत, पाणी तुंबण्याच्या घटना शून्य, अशी उद्दिष्टं लिहिलेली आहेत. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक आकड्यापुढे तो कितपत भरवशाचा, त्याची ए ते डी अशी श्रेणी लिहायची असते. मीटर बसवून घेतलेला आकडा वरच्या श्रेणीत, अंदाजाने भरलेला खालच्या. शहराबद्दल छापून येणाऱ्या प्रत्येक आकड्यापुढे ती श्रेणी आली, तर आपले निम्मे वाद तिथेच संपतील.

माझं म्हणणं असं. कुठलीही योजना सुरू होण्याआधी ‘ही यशस्वी झाली हे कशावरून म्हणायचं’ ते लिहून जाहीर करावं. आजची स्थिती मोजून ठेवावी. आणि जिथे टप्प्याटप्प्यानेच काम करावं लागणार आहे, तिथे पहिल्या टप्प्यात कोणते प्रभाग घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं. २०१७ च्या निवडणुकीत आपल्याकडे ३८ प्रभाग होते. समजा डेंग्यूसाठी नवी मोहीम १९ प्रभागांत जुलैत सुरू झाली आणि उरलेल्या १९ मध्ये सप्टेंबरात. ऑगस्टअखेर दोन्हींकडचे आकडे शेजारी ठेवले की मोहिमेने काय केलं ते दिसेल. नुसतं गेल्या वर्षीपेक्षा रुग्ण कमी झाले म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही, कदाचित यंदा पाऊसच तसा पडला असेल. पाऊस मात्र ३८ही प्रभागांवर एकाच शहरातला पडतो.

मी सर्वेक्षणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माझा ओढा त्या बाजूला आहे. प्रत्यक्ष सेवा देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी लिहावं, अशी विनंती.

हुडकेश्वरवाला:

भाऊ, धागा चांगला काढला. पण एक सांगतो. आमचा भाग २०१३ मध्ये महापालिकेत आला. हुडकेश्वर-नरसाळ्याकडे अजूनही असे ले-आउट आहेत की नव्यानं राहायला आलेल्या माणसाले कोणाकडे जायचं तेच समजत नाही. ग्रामपंचायत गेली, एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) काय, मनपाचं काय, बिल्डरनं काय कबूल केलं होतं, काहीच माहीत नसते. गडर लाइन चोक झाली त लोकं वर्गणी काढून गाडी बोलावून घेतात. तक्रार कोणी टाकत नाही.

आता तुम्ही तक्रारींचा नकाशा काढला त आमचा भाग एकदम साफ दिसन. तिकडे रामदासपेठ, धरमपेठमधून धडाधड तक्रारी येतील, कारण तिथल्या लोकांले नंबर माहीत आहे, साहेब माहीत आहे. मग पैसा कुठं जाईन? जिथं तक्रारी जास्त तिथंच. म्हणून म्हणतो, तक्रारी मोजून निर्णय घेऊ नका. इकडे या, चेंबरचं झाकण उघडून पाहा.

मानेवाडा_रोड:

हुडकेश्वरवाला, हे तुम्ही फार नेमकं सांगितलं. तक्रारींची संख्या म्हणजे त्रास आणि तक्रार करायची ताकद यांची बेरीज. दोन्ही मिसळलेलं असतं, वेगळं काढता येत नाही. म्हणून तक्रार कुणी करो न करो, ठरावीक घरं चिठ्ठीने निवडून तिथे जाऊन विचारणं, नळ आणि चेंबर बघणं याला पर्याय नाही. शंभर घरंही नीट निवडली तर हजार तक्रारींपेक्षा जास्त सांगतात.

जुनी_फाइल:

मी विदर्भातल्या एका महापालिकेत अभियंता होतो, आता निवृत्त आहे. गाव सांगत नाही. आतली बाजू मांडतो.

तक्रार ऑनलाइन आली की तिच्यावर मुदत चालू होते. मुदत उलटली की ती वरच्या साहेबांच्या पडद्यावर लाल दिसते. सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारतात ते एवढंच की लाल किती. काम किती झालं हे कुणी विचारत नाही. अशा वेळी ज्युनिअर इंजिनिअरपुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे कंत्राटदाराच्या मागे लागून खड्डा बुजवून घ्यायचा, त्याला आठ दिवस लागतात. दुसरा, ‘संबंधित विभागाकडे वर्ग केली’ असं लिहून तक्रार बंद करायची, त्याला एक मिनिट लागतं. तो पोरगा वाईट असतो असं नाही. त्याच्याकडे तीन माणसांचं काम असतं आणि मोजलं जातं ते ‘बंद’ या एका शब्दावर.

यावर आमच्याकडे एका आयुक्तांनी साधा उपाय केला होता. बंद झालेल्या दर वीस तक्रारींमागे एक चिठ्ठीने काढायची आणि तक्रारदाराला दुसऱ्या खात्यातल्या माणसाने फोन करायचा. प्रश्न एकच: ‘काम झालं का?’ शिवाय त्याच जागेवरून महिनाभरात पुन्हा तीच तक्रार आली तर पहिली बंद झालीच नाही असं धरायचं. पहिल्या महिन्यात सगळ्यांचे आकडे खाली आले, आरडाओरडा झाला. पण साहेबांनी त्या महिन्यात कुणालाही नोटीस दिली नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. खरा आकडा लिहिणाऱ्याला पहिल्याच महिन्यात झापलं, की दुसऱ्या महिन्यापासून खरा आकडा येणं बंद होतं. पुढे त्यांची बदली झाली आणि फोन करणंही थांबलं.

सुरतचं उदाहरण आमच्या पिढीला माहीत आहे. १९९४ च्या सप्टेंबरात तिथे प्लेग झाला, पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांनी सकाळी ऑफिसात न बसता रस्त्यावर फिरायचं, अशी त्यांनी शिस्त लावली. त्याची गोष्ट सांगताना लोक त्यांच्या धडाडीबद्दल बोलतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की कागदावरची माहिती आणि रस्त्यावरची परिस्थिती एकच माणूस एकाच दिवशी पाहत होता.

मंगळवारी_ताई:

डेंग्यूचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी बरीच वर्षं घरोघरी सर्वेचं काम केलं आहे. कुठे, ते राहू द्या.

आपल्याकडे अळ्या शोधायच्या म्हणजे कूलर. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असतो, पाणी रोज भरलं जातं, तेव्हा त्यात फारसं सापडत नाही. जून संपतो, पाऊस लागतो, कूलर बंद होतो, पण खिडकीतून कुणी काढत नाही. टाकीत दोन बोटं पाणी राहून जातं, वरून पावसाचं पडत राहतं. तिथे टॉर्च तिरपा धरून बघायचं. पाणी हललं की अळ्या तळाशी जातात, म्हणून जरा थांबायचं, मग त्या वळवळत वर येतात. त्यानंतर फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, ड्रम, गच्चीवरचे टायर. पाणी ओतता आलं तर ओतायचं, नाही तर औषध टाकायचं. बायकांना मी नेहमी सांगायची की टाकी नुसती रिकामी करून चालत नाही, कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनसुद्धा महिनोन्‌महिने टिकतात. काथ्याने घासा. आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा म्हणतात तो यासाठीच, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आता मोजण्याबद्दल. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या निघाल्या तो हाउस इंडेक्स. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो इंडेक्स. फॉर्म सोपा आहे. अडचण कुलपाची आहे. सकाळी दहाला जा, नवरा-बायको दोघं नोकरीवर. कुलूप म्हणून ते घर सोडलं की ते हिशेबातूनच जातं. मोठ्या बिल्डिंगमध्ये वॉचमन वरच जाऊ देत नाही. झोपडपट्टीतली बाई मात्र दार उघडते, बसा म्हणते, पाणी विचारते. मग अळ्या सापडतात त्या तिच्याकडेच, आणि रिपोर्ट सांगतो की डेंग्यू वस्तीतून पसरतो. ज्यांनी आम्हाला आत घेतलं त्यांच्यावरच ठपका येतो, याचं मला फार वाईट वाटायचं.

दुसरं म्हणजे दिवसाची घरं ठरवून दिलेली असतात. तेवढी भरायची म्हटलं की गच्चीवर चढणं राहून जातं. तुम्ही जे काही मोजणार असाल त्यात बंद घरांचा रकाना वेगळा ठेवा आणि तो मोठ्या अक्षरात छापा. ज्या प्रभागात निम्मी घरं बंद होती, तिथला इंडेक्स कमी आला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. आणि दर शंभरातली पाच घरं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईने पुन्हा बघावी. यात कुणाला पकडायचा हेतू नको. एकाच घरात दोघींना वेगळं का दिसलं, हे बसून बोललं तर पुष्कळ शिकायला मिळतं.

सदर_छावणी:

ताई, बंद घरांचा मुद्दा डोक्यातही आला नव्हता. आमच्या सोसायटीत सर्वेवाल्यांना खालूनच परत पाठवतात. उद्याच्या मीटिंगमध्ये हा विषय काढते.

इतवारी_बाजार:

सगळं पटतं, पण एक रोखठोक प्रश्न. कर आम्ही भरतो. त्या पैशातून आधी रस्ता करा, नाली करा. मोजायला माणसं नेमणार, त्यांचे पगार, त्यांच्या गाड्या, मग त्यांचा अहवाल, अहवालावर समिती. हे सगळं होईपर्यंत माझ्या दुकानासमोर पाणी तुंबलेलंच. एवढं मोजून खरंच कुठे काही वाचलं, असं एक तरी उदाहरण आहे का?

मानेवाडा_रोड:

आहे, आणि आपल्या उन्हाशी जोडलेलं आहे.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची मोठी लाट आली. तेव्हा उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू थोडेच होते. नंतर संशोधकांनी महापालिकेची मृत्यूनोंदणी काढली, कारण काहीही लिहिलेलं असो, त्या महिन्यातले सगळे मृत्यू मोजले आणि आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्याशी ताडून पाहिले. १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत आधीपासून पडून असलेल्या नोंदींनी हे दाखवलं, त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागली नाही. त्यावरून २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा झाला: आदल्या दिवशी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया. पुढे २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की आराखड्यानंतर वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले. अंदाज ढोबळ आहे, तो करणाऱ्यांनीच त्याची मर्यादा बरीच रुंद दिली आहे. तरी दिशा स्पष्ट आहे. नागपूरनेही पुढे असा आराखडा घेतला. मला आता हवंय ते हे, की आपल्याही मृत्यूनोंदी दर उन्हाळ्यानंतर अशाच काढल्या जाव्यात. पाणपोई किती लागल्या याच्या आकड्यासोबत ४५ अंशांच्या वरच्या दिवसांत मृत्यू किती वाढले, हाही आकडा छापला जावा.

तुमच्या दुकानासमोरचं पाणी काढणं आधी, हे मान्यच. पण ते तीनदा काढून तीनदा तुंबलं असेल, तर पैसे तिथेच वाया गेले ना? मोजलं असतं तर पहिल्यांदाच कळलं असतं की दोष उताराचा आहे की पुढच्या पाइपाच्या मापाचा.

इतवारी_बाजार:

तुंबतं ते पुढच्या पाइपामुळेच, आमच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे गल्लीला विचारलं तरी पुरे. पण मृत्यूनोंदीचं उदाहरण पटलं. आहे ती माहिती वापरा, एवढंच असेल तर माझा विरोध नाही.

आकडेमोड:

मी इथे संख्याशास्त्र शिकतो आहे. चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

इंडोनेशियात अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्कन यांनी ६०८ गावांत एक प्रयोग केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातले रस्ते बांधायचे होते. काही गावांना आधीच सांगितलं की तुमच्या कामाचं सरकारी ऑडिट होणारच. एरवी ही शक्यता चार टक्के असायची, ती शंभर टक्के केली. काही गावांत गावकऱ्यांच्या सभेत हिशेब मांडायचा प्रघात वाढवला. रस्ता झाल्यावर इंजिनिअरांनी तो खोदून नमुने काढले, त्यात खडी आणि वाळू किती ते मोजलं आणि बिलाशी ताडलं. ऑडिटमुळे गायब होणारा खर्च आठ टक्क्यांच्या फरकाने घटला. सभांचा सरासरी परिणाम फारच थोडा निघाला. लोकसहभागावर माझा विश्वास आहे, त्यामुळे हे वाचून मला त्रास झाला. पण म्हणूनच ते महत्त्वाचं. आपल्या सिमेंट रोडच्या कामात कोअर कापून नमुना काढतात, ते कुठून कापायचं हे कंत्राटदाराला आधी कळू नये आणि निकाल रस्त्याच्या नावासकट वेबसाइटवर यावा, एवढं जरी झालं तरी फरक पडेल.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात नर्सबाई केंद्रावर येतात का, हे वेळ नोंदणाऱ्या यंत्राने मोजायला सुरुवात केली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्या अभ्यासात होते. सुरुवातीला उपस्थिती चांगली वाढली. मग आरोग्य खात्यातूनच ‘आज सूट’, ‘आज मीटिंग’ अशा सवलती वाढत गेल्या, आणि सोळा महिन्यांनी मोजणी असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत काही फरकच उरला नाही. जुनी_फाइल काकांनी सांगितलं तेच हे. वरच्याला आकडा नको असेल तर यंत्र काही करू शकत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे चोवीस तास पाण्याचा प्रयोग आधी धरमपेठ झोनमध्ये झाला, मग २०१२ पासून अख्ख्या शहरासाठी पंचवीस वर्षांच्या कराराने काम सुरू झालं. हुबळी-धारवाडमध्येही काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं आणि बाकीच्यांत काही दिवसांआडच येत राहिलं. संशोधकांनी दोन्हींकडची मिळतीजुळती अशी जवळजवळ चार हजार घरं निवडून लहान मुलांची आजारपणं नोंदली. २०१५ मध्ये निष्कर्ष आला. एकूण जुलाबांत फारसा फरक दिसला नाही. पण विषमज्वर कमी होता, आणि सगळ्यात गरीब घरांत रक्ती हगवण कमी होती. नुसती सरासरी काढली असती तर ‘उपयोग नाही’ असं वाटलं असतं. कुणाला उपयोग झाला, हे वेगळं काढल्यावर चित्र बदललं. धरमपेठेत जमलं ते सतरंजीपुऱ्याच्या गल्ल्यांत तसंच जमेल असं म्हणून चालत नाही ते याचमुळे. झोनवार बघा, त्यातही घरवार बघा.

चौथी डेंग्यूची, ताईंसाठी. निकाराग्वा आणि मेक्सिकोत १५० वस्त्यांमध्ये एक चाचणी झाली, तीही २०१५ ची. निम्म्या वस्त्यांत लोकांना त्यांच्याच गल्लीतल्या अळ्यांचे आकडे दाखवले आणि उपाय त्यांनाच ठरवू दिला. त्या वस्त्यांतल्या मुलांमध्ये डेंग्यूचा संसर्ग सुमारे तीस टक्क्यांनी कमी निघाला. आकडा साहेबाकडे न जाता गल्लीत गेला, एवढाच फरक.

मंगळवारी_ताई:

आकडेमोड, हे वाचून फार बरं वाटलं. आम्ही भरलेला फॉर्म वर जायचा, परत कधीच यायचा नाही. ज्या बाईच्या कूलरमध्ये अळ्या निघाल्या तिला शेजारच्या पन्नास घरांत किती निघाल्या, हे कधी कळलंच नाही. बचत गटाच्या बैठकीत तो कागद लावला असता तर बायकांनीच पुढचं केलं असतं. आमच्याकडच्या बायका एकमेकींचे कूलर बघायला अजिबात संकोचत नाहीत.

काँग्रेसनगर_आई:

चिठ्ठ्या टाकून प्रभाग निवडायचे, हे मला खटकतंय. माझ्या मुलाला २०२१ मध्ये डेंग्यू झाला होता, प्लेटलेट्स खूप खाली गेल्या होत्या. ‘तुमचा प्रभाग दुसऱ्या टप्प्यात आहे’ असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. माणसांवर प्रयोग करायचे का?

मानेवाडा_रोड:

ताई, तुमची तगमग रास्त आहे आणि याचं उत्तर मला द्यायलाच हवं. जे उपाय चालतात हे आधीच माहीत आहे, म्हणजे साचलेलं पाणी काढणं, रुग्ण सापडला की आजूबाजूची घरं तपासणं, ते सगळीकडे एकाच वेळी चालूच राहिले पाहिजेत. त्यात टप्पे नकोतच. टप्पे फक्त त्या नव्या गोष्टीचे, जिचा उपयोग होतो की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, उदाहरणार्थ गल्लीवार आकडे लावणं. माणसं कमी म्हणून तीही एका दिवसात सगळीकडे होणार नसतेच. आजही कुठला भाग आधी आणि कुठला नंतर, हे ठरतंच, फक्त ते कशावरून ठरतं ते आपल्याला दिसत नाही. ज्याचा वशिला मोठा त्याचा भाग आधी, यापेक्षा सगळ्यांसमोर काढलेली चिठ्ठी मला जास्त न्याय्य वाटते. आणि पहिल्या महिन्यातच मोठा फायदा दिसला तर न थांबता उरलेल्या प्रभागांत लगेच सुरू करायचं, हेही आधीच लिहून ठेवलं पाहिजे.

काँग्रेसनगर_आई:

आधीचे उपाय कुठेही थांबणार नाहीत, हे पहिल्या ओळीत लिहिणार असाल तर चालेल. सगळ्यांना तेच आधी विचारायचं असतं.

नाग_काठ:

मी अंबाझरी तलावाच्या खालच्या बाजूला राहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला, तलाव ओव्हरफ्लो झाला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोक झोपेत असतानाच पाणी घरात आलं. मोरभवनचं बसस्थानक पाण्यात होतं. माणसं दगावली. तेव्हापासून पात्र रुंद करणं, भिंती, पूल, तलावाचा बांध यावर बोलणं चालू आहे.

माझी भीती ही आहे. असा पाऊस दरवर्षी येत नाही. पुढच्या दोन पावसाळ्यांत घरात पाणी आलं नाही की सगळे म्हणतील, उपाय यशस्वी झाले. पण परीक्षाच झाली नाही तर पास कसे म्हणायचे? म्हणून मोठ्या पुराची वाट न पाहता लहान पावसांत मोजलं पाहिजे. तासाला अमुक मिलीमीटर पडला तेव्हा अमुक पुलाखाली पाणी किती चढलं, हे प्रत्येक पावसाला लिहून ठेवलं, की पात्र खरंच मोकळं झालं का ते कळेल. पूर्वी तेवढ्याच पावसात पाणी इतकं चढायचं, आता तितकं चढत नाही, असं दाखवता आलं पाहिजे.

आमच्या गल्लीत त्या दिवशी पाणी कुठवर आलं ते भिंतींवरच्या डागांवरून दिसत होतं. पुष्कळांनी नंतर रंग दिला. मी आमच्या फाटकाच्या खांबावर टिकाव मारून खूण करून ठेवली आहे, रस्त्यापासून उंची मोजून लिहिली आहे. शेजाऱ्यांनाही करायला लावली. हा डेटा महापालिकेने मागितला तर आमच्याकडे तयार आहे.

जुनी_फाइल:

नाग_काठ, त्या खुणांचे फोटो टेप धरून काढा. फोटोत टेपवरचा आकडा आणि पक्की ओळखता येईल अशी एखादी जागा दिसू द्या. इंजिनिअर त्याला पुरावा मानतो. नुसतं ‘गुडघाभर’ म्हटलं की त्याला काही करता येत नाही.

पूर्वी_बंगळुरात:

हे काम नागरिकांनी स्वतःही केलेलं आहे. बंगळुरात सॅम्युअल पॉल यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये नागरिकांचं प्रगतिपुस्तक निघालं. पाणी, वीज, महापालिका, फोन, अशा प्रत्येक खात्याबद्दल घराघरांत विचारलं: काम झालं का, किती फेऱ्या झाल्या, लाच द्यावी लागली का. निकाल पेपरात छापला. बहुतेक खात्यांचे गुण फारच कमी होते. मग १९९९ मध्ये पुन्हा, २००३ मध्ये पुन्हा. तिसऱ्या वेळेपर्यंत चित्र बरंच सुधारलं होतं. एकदा काढलेल्या प्रगतिपुस्तकाने फारसं काही झालं नाही. तेच प्रश्न तशाच पद्धतीने पुन्हा विचारले जाणार, हे खात्यांना कळलं तेव्हा हालचाल झाली.

आपल्याकडे लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. प्रत्येक सेवेची मुदत ठरलेली आहे, कार्यालयात फलक लावावा लागतो, विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे मोजायचं काय ते कायद्यानेच सांगितलं आहे. फक्त ‘मुदतीत निकाली’ एवढं मोजू नका. किती अर्ज त्रुटी काढून परत पाठवले, तेही त्याच तक्त्यात हवं.

हुडकेश्वरवाला:

बरं, मग आता करायचं काय? लिहून लिहून त झालं. मी इकडची वीस-पंचवीस घरं फिरून देतो, तुम्ही फक्त फॉर्म द्या. मराठीत द्या आणि एका पानाचा द्या.

मानेवाडा_रोड:

फॉर्म रविवारपर्यंत इथेच टाकतो. एकच पान, त्यात नळाला पाणी किती वाजता येतं, बादली भरायला किती वेळ लागतो, टुल्लू पंप लावावा लागतो का, चेंबर शेवटचं कधी तुंबलं, ते कुणी साफ केलं आणि पैसे कुणी दिले, एवढंच. घरं तुम्ही निवडू नका. तुमच्या ले-आउटचा प्लॉटांचा नकाशा पाठवा, मी चिठ्ठ्या काढून नंबर देतो. घर बंद असेल तर दुसरं घेऊ नका, संध्याकाळी पुन्हा जा. तरीही बंद असेल तर ‘बंद’ लिहा.

दुसरं, आहे ती माहिती मागवू. मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो: गेल्या पावसाळ्यातल्या डास-अळी सर्वेक्षणाचे प्रभागवार आकडे, भेट दिलेली घरं, अळ्या सापडलेली घरं आणि ताईंनी सांगितलं तसा बंद घरांचा रकाना वेगळा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, असा नियम आहे, म्हणून पाणी साचण्याच्या जागांची यादी आणि तिथे पंप किती वेळा लावले, यासाठी वेगळा अर्ज लागेल. तो नाग_काठ टाकतील का?

नाग_काठ:

टाकतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून उद्याच झोन ऑफिसात देतो आणि पोच घेऊन येतो. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. त्यात पंप किती वाजता लावला आणि किती वाजता काढला, ही वेळही मागतो, म्हणजे पाणी किती तास होतं ते त्यावरूनच निघेल.

मंगळवारी_ताई:

मानेवाडा_रोड, अर्जात ‘भेट दिलेली घरं’ असं लिहू नका, ‘आतून तपासलेली घरं’ लिहा. दारावरून परत आलेली घरंसुद्धा भेट दिलेली म्हणून धरली जातात.

मानेवाडा_रोड:

बदल केला, ताई. ‘गच्चीसह आतून तपासलेली घरं’ असं लिहितोय.